प्रस्ताव पास झाला, मग नाली कुठे आहे?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्याला असतात. आई-वडील इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवर, एका नगर परिषदेच्या गावात. गल्लीला नाली नाही. न्हाणीचं, धुण्याभांड्यांचं पाणी रस्त्यावर येतं आणि पावसाळ्यात ओट्याला लागतं. दोन वर्षांपूर्वी वॉर्डाच्या पार्षदांनी घरोघर येऊन सांगितलं की नालीचा प्रस्ताव परिषदेत पास झाला. तेव्हापासून वडील महिन्या-दोन महिन्यांनी कार्यालयात चक्कर मारतात आणि ‘पास आहे, होऊन जाईल’ एवढं ऐकून परत येतात. सीएम हेल्पलाइनला, म्हणजे १८१ला, तक्रार केली होती. ती बंद झाली. ताई विचारतात : पास झालेलं काम न करणं हा गुन्हा नाही का, कोर्टात जावं का, आणि इंदूर एवढं चकाचक असताना तासाभराच्या अंतरावर ही दशा का?

कोर्टाचा विचार आत्ता बाजूला ठेवा. वकील पहिल्यांदा ठरावाची नक्कल मागेल आणि ती तुमच्याकडे नाही. ती मिळाली की कदाचित असंही दिसेल, की तुम्ही ज्याला पास म्हणताय ते पास नव्हेच.

हे मी कशाच्या जोरावर म्हणतोय तेही सांगतो. मी रामबागेत वाढलेला इंदुरी; घरात मराठी, दप्तरात हिंदी. इंदूर, देवास आणि धार जिल्ह्यांतल्या पाच लहान परिषदांमध्ये मिळून तीस वर्षं नोकरी केली. आवक-जावक लिपिक म्हणून लागलो आणि शेवटची अकरा वर्षं माझ्याकडे सभेचं काम होतं : एजेंडा काढायचा, कोपऱ्यात बसून टिपायचं, नंतर कार्यवृत्त लिहून सह्या घ्यायच्या. थोडक्यात, ‘पास’ हा शब्द रजिस्टरात लिहिणारा हात माझाच होता.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. महाराष्ट्रात नगर परिषद म्हणजे बऱ्यापैकी मोठं गाव आणि त्याहून लहान ती नगर पंचायत. मध्य प्रदेशात मधल्या गावाची ती नगर पालिका परिषद आणि सगळ्यात लहान ती नगर परिषद. तिलाच पूर्वी आमच्याकडेही नगर पंचायत म्हणत. तुमचा नगरसेवक तो आमचा पार्षद, मुख्याधिकारी तो सीएमओ, फाइल ती नस्ती, आणि परिषदेच्या सभेला कागदोपत्री ‘सम्मिलन’ म्हणतात. गटाराची नाली होते. अर्ज लिहाल तेव्हा हेच शब्द वापरा. ‘प्रस्ताव’ न लिहिता मराठी वळणाचा ‘ठराव’ लिहिलात तर बाबू वाचेल, मान हलवेल आणि बाजूला ठेवेल. मीही ठेवले आहेत.

इंदूरशी तुलना मात्र सोडून द्या. इंदूरला १९५६चा महानगरपालिकांचा कायदा लागू आहे, तुमच्या गावाला १९६१चा नगरपालिकांचा. इंदूरने कान्ह आणि सरस्वती नद्यांत पडणारी सांडपाण्याची तोंडं शोधून शोधून बंद केली आणि २०२१ साली ते देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ (सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं) शहर ठरलं. त्यासाठी पैसा आणि इंजिनिअरांची फौज, दोन्ही होतं. तुमच्या परिषदेत बहुधा एकच उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ इंजिनिअर, असेल आणि त्याच्याकडे शेजारच्या गावाचाही प्रभार असेल. तो मंगळवारी आणि शुक्रवारी येतो असं सांगतात आणि शुक्रवारी येत नाही.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेतो. पास होऊनही काम का होत नाही, या प्रश्नाला कार्यालयात शंभर उत्तरं तयार असतात. कागद आज कोणाच्या टेबलावर थांबलाय, या प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते द्यावं लागतं.

ते समजायला सम्मिलन कसं होतं हे एकदा डोळ्यांसमोर आणा. वेळ अकराची, माणसं जमेपर्यंत साडेबारा. पंधरा वॉर्डांचे पंधरा पार्षद, त्यांत निम्म्या बायका, कारण आरक्षणच तेवढं आहे. आणि बऱ्याच जणींच्या मागच्या खुर्चीवर ‘पार्षद पती’. त्यांनी तिथे बसायचं काही कारण नाही, पण ‘आपण बाहेर बसा’ असं सांगणारा बाबू मी पाहिला नाही. मीही सांगितलं नाही. टेबलावर पोहे, वर शेव, आणि एजेंड्याच्या झेरॉक्सवर तेलाचा डाग. विषय क्रमांक एक, गेल्या कार्यवृत्ताची पुष्टी. मग जमाखर्च. मग टाकीवरच्या मोटारीची दुरुस्ती, आठवडी हाटाच्या वसुलीचा ठेका, सफाईसाठी रोजंदारीची माणसं, ब्लीचिंग आणि तुरटीची खरेदी, एखाद्या चौकाचं नामकरण. चौकाच्या नावावर पाऊण तास आणि तुरटीसकट बाकी सगळं दहा मिनिटांत. (गाव वर्षभर जे पाणी पितं त्यातली तुरटी!)

शेवटचा विषय कायम एकच असतो : ‘अध्यक्ष महोदय की अनुमति से अन्य विषय’. इथे एकेक पार्षद उठतो. माझ्या वॉर्डात अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत नाली. माझ्याकडे हनुमान मंदिरापासून रस्ता. बाकीचे जेवणाच्या घाईत ‘पास, पास’ म्हणतात. मी लिहीत जायचो. एका दुपारी मी अशी चौतीस कामं लिहिली. त्या वर्षी बांधकामाला आमच्याकडे पैसे होते ते सहा कामांचे.

अध्यक्ष नाही का म्हणत नाहीत? आमच्याकडच्या सध्याच्या बहुतेक परिषदा जुलै २०२२च्या निवडणुकीतून आल्या आणि त्या वेळी नगरपालिका-परिषदांचे अध्यक्ष लोकांनी थेट निवडले नाहीत. पार्षदांनी आपल्यातून निवडले. ज्यांच्या मतांवर खुर्ची आहे, त्यांच्या वॉर्डाला नाही कोण म्हणेल? शिवाय पास म्हणायला पैसा लागत नाही. पार्षदही तुमच्याशी खोटं बोललेले नाहीत. त्यांच्या समजुतीप्रमाणे काम पास झालं. पहिल्यांदाच निवडून आलेल्या पार्षदाला ठराव आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी हुकूम) यांतला फरक कोणी शिकवलेला नसतो. दोन वर्षांनी त्याचा त्यालाच कळतो.

आता ठरावाची नक्कल मिळाली की तिची शेवटची ओळ वाचा. सगळं तिथे असतं. ‘प्राक्कलन तैयार कर आगामी सम्मिलन में प्रस्तुत किया जावे’ असं असेल तर फक्त खर्चाचा अंदाज काढायला सांगितलंय. काम मंजूर नाही, अंदाज मंजूर आहे. ‘सैद्धांतिक स्वीकृति प्रदान की जाती है’ म्हणजे तोंडभरून हो आणि खिशातून काही नाही. ‘बजट उपलब्धता अनुसार कार्य कराया जावे’ हे माझं स्वतःचं लाडकं वाक्य होतं. ते लिहिलं की कोणाचंच मन मोडत नाही आणि कोणावर काही येत नाही. ‘शासन से राशि की मांग की जावे’ असेल तर तुमची नाली एका पत्राच्या रूपाने भोपाळला गेली आहे. त्या पत्राला उत्तर येईपर्यंत आशा धरू नका. पण ओळीत रक्कम असेल, पैसा कोणत्या मदीतून, म्हणजे बजेटच्या कोणत्या शीर्षाखालून, जाईल ते असेल, किंवा ‘न्यूनतम दर स्वीकृत’ असे शब्द असतील, तर तो खरा पास. मग अडलंय ते नस्तीत, आणि नस्ती हलवता येते.

एक गोष्ट सांगतो. तीत चूक माझी आहे. एका परिषदेत एक निवृत्त शिक्षक दर मंगळवारी यायचे. मंगळवारी जनसुनवाई असते, अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात, पण ते तिकडे न जाता थेट माझ्या टेबलाशी यायचे. सगळं गाव त्यांना माट्साब म्हणायचं. पिशवीतून ठरावाची झेरॉक्स काढायची, माझ्यासमोर धरायची, ‘बाबूजी, ये तो पास है ना?’ मी म्हणायचो, ‘माट्साब, बिलकुल पास है.’ ते पाणी प्यायचे आणि निघायचे. असं दीड वर्ष चाललं. एकदा त्यांनी झेरॉक्स परत पिशवीत ठेवता ठेवता विचारलं, ‘आगे किसके पास गया?’ हा प्रश्न दीड वर्षात त्यांनीही विचारला नव्हता आणि मलाही पडला नव्हता. मी बांधकाम शाखेत जाऊन नस्ती मागितली. नस्तीच नव्हती. कार्यवृत्तातला प्रत्येक ठराव वेगळा उतरवून त्या त्या शाखेला पाठवायचा असतो आणि समोर सही घ्यायची असते. त्या सभेचे बाकीचे उतारे मी पाठवले होते; ‘अन्य विषयां’चं पान पुढच्या महिन्यासाठी ठेवलं आणि ते तसंच राहिलं. लाल कापडाच्या बांधणीच्या जाड रजिस्टरात काम पास होतं आणि रजिस्टराच्या बाहेर ते कुठेही नव्हतं. त्या दिवशी मी स्वतः नस्तीचं कव्हर घेतलं, क्रमांक टाकला, पहिली टीप लिहिली आणि उपयंत्र्याच्या टेबलावर ठेवली. माट्साबांना मात्र दीड वर्ष मी काय करत होतो हे सांगायची हिंमत झाली नाही.

वडिलांच्या बाबतीत असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण पाचात एकदा हेच निघतं, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा : नस्ती क्रमांक काय?

क्रमांक मिळाला तर पुढचा रस्ता साधारण असा असतो. उपयंत्री जागेवर येऊन फीत लावतो आणि प्राक्कलन करतो, शासनाच्या दरसूचीप्रमाणे. तिला सगळे एसओआर म्हणतात. मग तांत्रिक स्वीकृती, म्हणजे वरच्या इंजिनिअरने आकडे आणि आराखडा बरोबर आहे म्हणायचं. मग प्रशासकीय स्वीकृती, म्हणजे खर्च करायला हरकत नाही. ती सीएमओ देणार, प्रेसिडेंट इन कौन्सिल देणार, की पुन्हा पूर्ण परिषदेत विषय न्यायचा, हे रकमेवर ठरतं. ही कौन्सिल म्हणजे अध्यक्ष आणि त्यांनी नेमलेले मोजके पार्षद, तुमच्या स्थायी समितीसारखी समजा. मग लेखापालाची टीप की मदीत पैसा शिल्लक आहे. मग ऑनलाइन निविदा. कोणी भरली नाही तर दुसरं आमंत्रण, कधी तिसरं. मग दरांची मंजुरी, आणि इथे विषय पुन्हा सभेत येतो आणि गावात पुन्हा बातमी पसरते की नाली पास झाली. मग अनुबंध, म्हणजे करार, मग कार्यादेश. कार्यादेशावर तारीख आणि मुदत असते. ‘तुम्ही काम का केलं नाही’ हे ठेकेदाराला विचारायचा अधिकार त्या तारखेपासून सुरू होतो, त्याआधी नाही.

या रस्त्यात अडतं ते बहुतेक दोनच ठिकाणी. एक पैसा, दुसरं पाण्याचं शेवटचं टोक.

पैशाचं असं, की बाहेरून लोकांना परिषदेची तिजोरी एक वाटते. आतून ती दहा डब्यांची असते आणि एका डब्याचं झाकण उघडून दुसऱ्यात टाकता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना जे अनुदान ठरवलं, त्यातला ६० टक्के पैसा पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता आणि ४० टक्के मोकळा. त्यातून ना पगार देता येतात, ना चौकात पुतळा बसवता येतो. पगार होतात ते ‘चुंगी क्षतिपूर्ती’तून. मध्य प्रदेशात जकात, म्हणजे चुंगी, १९७६ साली उठली. तिची भरपाई म्हणून राज्य सरकार अजून दर महिन्याला परिषदांना रक्कम देतं. ती हातात येईपर्यंत तिच्यातून विजेच्या थकबाकीची कपात झालेली असायची. महिन्याच्या सुरुवातीला लेखापालाच्या तोंडाकडे पाहिलं की किती आलं ते कळायचं. उरलं ते गावाचं स्वतःचं उत्पन्न : संपत्ती कर, समेकित कर, जलकर, दुकानांचं भाडं, हाटाची वसुली. लहान गावात यातलं किती वसूल होतं ते विचारू नका. पार्षदांच्या स्वतःच्या घराचा जलकर थकलेला मी पाहिलाय आणि नोटीस लिहिताना हात आखडताही घेतलाय.

म्हणजे वडिलांच्या नालीला ‘पैसा नाही’ असं उत्तर मिळालं तर पुढचं विचारायचं, ‘कोणत्या मदीत नाही?’ मोकळ्या मदीत नसेल तर ती पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये नावानिशी धरा असं म्हणता येतं. बजेट ३१ मार्चच्या आत पारित करायचं असतं, म्हणजे लेखापाल आणि सीएमओ आकडे मांडतात ते जानेवारी-फेब्रुवारीत. मार्चमध्ये जो अर्ज घेऊन येतो त्याला आम्ही चहा पाजायचो. जानेवारीत येतो त्याचं काम यादीत जायचं. तारखेचं हे एवढं महत्त्व वीस वर्षं नोकरी झाल्याशिवाय मलाही उमगलं नव्हतं.

आता पाण्याचं टोक. गल्लीत नाली बांधणं सोपं आहे. तिचं पाणी जाणार कुठे? उपयंत्री जागेवर येऊन गेला आणि नंतर काहीच हललं नाही, असं जेव्हा होतं, तेव्हा शंभरातल्या निम्म्या वेळी कारण हे असतं आणि ते कोणी बोलत नाही. एका गावात मी फीत धरायला उपयंत्र्याबरोबर गेलो होतो. गल्ली ११० मीटरची. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत उतार जेमतेम वीतभर. खालच्या टोकाला एका काकांचं शेत, आणि काका काठी घेऊन बांधावर उभे. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं : अख्ख्या गल्लीचं साबणाचं पाणी माझ्या लसणात का? दुसरा मार्ग रस्ता ओलांडून मोठ्या नाल्याला मिळत होता, पण त्याला रस्त्याखालून पाइप टाकावा लागत होता आणि रस्ता लोकनिर्माण विभागाचा, म्हणजे तुमच्या पीडब्ल्यूडीचा. त्यांची परवानगी, त्यांच्या रस्त्याच्या दुरुस्तीचे पैसे. साडेचार लाखांचं काम सात लाखांवर गेलं आणि नस्ती जी मिटली ती दोन वर्षं उघडली नाही. गावाला वाटत राहिलं की अध्यक्षाचा त्या गल्लीवर राग आहे.

तुमच्या गल्लीचं टोक कुठे येतं ते वडिलांना माहीत असेल. तिथे वाद असेल तर तो शेजाऱ्यांनी बसून आधी मिटवा. नालीचा मार्ग कोणाच्या खासगी जागेतून जात असेल तर त्या माणसाची लेखी संमती अर्जाला जोडा. अशी संमती जोडलेला अर्ज मी तीस वर्षांत तीन वेळा पाहिला, आणि तिन्ही नाल्या बांधल्या गेल्या.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. गावात पाणीपुरवठ्याची किंवा भुयारी गटाराची मोठी योजना मंजूर असेल तर सीएमओ मुद्दाम उघड्या नाल्या थांबवतात, कारण आज बांधून उद्या खोदायची. हा थांबा योग्य आहे, फक्त तसं लेखी सांगायला हवं. कॉलनी अवैध असेल, म्हणजे शेतजमिनीवर परवानगीविना प्लॉट पाडलेले असतील, तर परिषदेचा पैसा तिथे लावायला वेगळे नियम आहेत आणि ‘पास’ हा शब्द तिथे आणखी हलका होतो. ठेकेदाराने एसओआरपेक्षा फारच कमी दराने निविदा घेतली असेल तर तो कार्यादेश घेऊनही काम सुरू करत नाही. सिमेंट-गिट्टी-वाळूचा भाव पडायची वाट बघत बसतो. आणि परिषदेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षांची. २०२२मध्ये बसलेल्यांची २०२७मध्ये संपते, त्याआधी आचारसंहिता लागते आणि नवीन कार्यादेश थांबतात. शेवटच्या वर्षात मात्र पार्षदांना अचानक सगळ्या नाल्या आठवतात, तेव्हा तयार नस्ती ज्याची त्याचं काम आधी निघतं.

१८१चं का फिसकटलं, तेही सांगतो. तक्रारीत तुम्ही ‘आमच्या गल्लीत नाली बांधा’ असं लिहिलं असणार. नवीन बांधकाम मागणं ही शिकायत धरत नाहीत, मांग धरतात, आणि मांग म्हणून ती बंद करता येते. ‘अमुक घरासमोर सांडपाणी साचलंय, डास झालेत, सफाई होत नाही’ ही शिकायत. ती पहिल्या पायरीवर गावातच सुटली नाही तर जिल्ह्याला, मग संभागाला (तुमचा महसूल विभाग) आणि शेवटी भोपाळला चढत जाते, आणि चढायला लागली की सीएमओला फोन यायला लागतात. आमच्याकडे महिन्याच्या आढाव्याच्या आदल्या दिवशी सगळं कार्यालय फक्त १८१ करत बसायचं. तक्रार बंद करायला मोबाइलवर ओटीपी किंवा ‘संतुष्ट आहात ना’ असा फोन आला तर वडिलांना सांगा, घाईने हो म्हणू नका. पार्षदाचा माणूस घरी येऊन ‘दादा, बंद करून टाका, आठवड्यात काम लावतो’ म्हणेल. पाणी साचलेलं असेल तर बंद करू नका, एवढंच. त्याच्याशी भांडू मात्र नका, पुढे तोच लागणार आहे.

आता वडिलांनी नेमकं काय करावं. आधी कार्यालयात जाऊन अध्यक्षांना भेटायचं सोडावं. अध्यक्ष हो म्हणतात. ते त्यांचं काम आहे. सम्मिलनाचा बाबू शोधावा, सभेची अंदाजे तारीख सांगावी आणि ठराव क्रमांक मागावा. नीट बोललं तर तो रजिस्टर उघडून दाखवतो. दुपारी तीननंतर जावं, सकाळी जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची आणि समग्र आयडीवाल्यांची (राज्याचा कुटुंब-ओळख क्रमांक) गर्दी असते. क्रमांक मिळाला की बांधकाम शाखेत नस्ती क्रमांक. दोन्ही मिळाले की सीएमओच्या नावाने एका पानाचा अर्ज, त्यात दोन्ही क्रमांक, आणि शेवटी एकच वाक्य : सदर नस्ती सध्या कोणत्या टप्प्यावर आहे ते लेखी कळवावे. आवकच्या खिडकीवर द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे तोंडी बोलणं.

महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. पण त्यात ‘काम का झाले नाही’ असं विचारू नका. ‘का’ला माहिती समजत नाहीत आणि अर्ज परत येतो. कागद मागा : अमुक तारखेच्या सम्मिलनातल्या ठरावाची प्रमाणित प्रत, नस्तीतल्या नोटशीटच्या सगळ्या पानांची प्रत, प्राक्कलनाची प्रत, निविदा आणि कार्यादेश निघाले असतील तर त्यांची. नोटशीट विसरू नका. पत्रं कोणीही नीट लिहितं. कोण कुठे अडवून बसलं ते नोटशीटवरच्या टीपांत दिसतं, तारखांसकट. दोन टीपांमध्ये पाच महिन्यांचं अंतर दिसलं की ते पाच महिने कोणाच्या टेबलाचे ते कळलं. कायद्याने नस्तीचं प्रत्यक्ष निरीक्षणही मागता येतं, आणि माझा अनुभव असा की निरीक्षणाचा अर्ज आला की त्या आठवड्यात नस्ती आपोआप दोन टेबलं पुढे सरकते. कोणी मुद्दाम करत नाही. धूळ झटकायला काढली की समोर येते, आणि समोर आली की टीप लिहावी लागते.

पार्षदांना यातलं सगळं सांगून करा. त्यांना न विचारता माहितीचा अर्ज टाकला तर ते तो स्वतःच्या विरोधातला समजतात. उलट नोटशीटच्या प्रती त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, पुढच्या सम्मिलनात हा एवढा एक प्रश्न विचारा. सभेत पार्षदाने क्रमांक सांगून विचारलेला प्रश्न मला शब्दशः लिहावा लागायचा, आणि त्याच्याखाली सीएमओचं उत्तरही. ‘माझ्या वॉर्डाची नाली’ असं मोघम म्हणणाऱ्याचं मी लिहायचो, ‘चर्चा हुई’.

आणि समजा, काम लागलं. तेव्हा घरात बसू नका. ठेकेदाराचा मेट, म्हणजे मुकादम, पाणी मारतोय का बघा. सिमेंटच्या भिंतीला पोती झाकून पाणी मारावं लागतं आणि पहिला आळस तिथेच होतो. स्लॅबच्या आधी वरच्या टोकाला चार बादल्या पाणी ओता आणि ते मधे न थबकता खालच्या टोकाला पोचतं का ते बघा. हे उपयंत्र्यासमोर करा, तो माप पुस्तिकेत मापं चढवायला येईल त्या दिवशी. माप पुस्तिकेवर सही झाली की बिल निघतं आणि बिल निघालं की मधे साठणारं पाणी तुमचं. माट्साबांनी बादल्या आणल्या होत्या. तिसऱ्या घरासमोर पाणी थांबलं. उपयंत्र्याने पेन खिशात ठेवलं आणि ठेकेदाराला तेवढा आठ फुटांचा तुकडा फोडायला लावला.